वैरागला रिकामा टेम्पो कसा आला

सोलापूर, बाळीवेस
शुक्रवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप शिवलिंगप्पा मामांना,

भाची सिद्धेश्वरीचा वाकून शरणार्थी. (पाय मागं घेऊ नका, एवढ्या लांबून वाकलेय.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची पित्ताची गोळी चालू आहे का, का परत त्या वैद्याचा काढा? सुकन्या बरी आहे ना? लग्न ठरलेल्या मुली जेवण सोडतात आणि मग मांडवात चक्कर येऊन पडतात, तेव्हा तिला सांगा, ब्लाऊज सैल करता येतो. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढं येईलच.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणते. पण साखरपुड्याच्या दिवसापासून तुम्ही आमच्या घरातले सगळे नंबर ब्लॉक केलेत. आईचा, बाबांचा, माझा, रत्नम्मा आत्याचा, आणि आत्याच्या टेम्पोवाल्या तिप्पण्णाचासुद्धा, ज्याचा गुन्हा एवढाच की त्यानं गाडी चालवली. (त्याला ते फार लागलंय. जाईल तिथं सांगत असतो, की आडतदारानं मला ब्लॉक केलं. आधी वाटलं तक्रार करतोय, आता वाटतं मिरवतोय.) व्हॉट्सॲपवर तुमचा फेटा बांधलेला फोटो दिसायचा, तिथं आता नुसतं राखाडी डोकं आहे. मग राहिलं काय, तर पोस्ट. पाकिटावर मुद्दामच पाठवणाऱ्याचं नाव घातलं नाही. आता फोडलंच आहे, तर वाचा की. फाडायचं असेल तर शेवटी फाडा.

मुद्दा एवढाच आहे मामा, की साखरपुड्याला तुमच्या दारात जो टेम्पो रिकामा आला, तो आत्यानं मुद्दाम पाठवला नव्हता. आईला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तो माझ्या प्रोग्रामनं पाठवला. हे मी इथंच थांबवलं असतं, पण एका वाक्यावर विश्वास ठेवणारे तुम्ही नव्हे. सख्ख्या बहिणीनं दारात उभं राहून तेच सांगितलं, ते कुठं ऐकलंत? म्हणून पहिल्यापासून सांगते. चष्मा लावून, सावकाश वाचा.

आत्याचं कडक भाकरीचं केंद्र आमच्या मागच्या अंगणात आहे, ते तुम्ही बघितलंय. पत्र्याच्या शेडमध्ये चुली, चुलींपुढं बायका, आणि त्या बायकांच्या मागं अंबुबाई, जी स्वतः भाकरी थापत नाही पण दुसरीची उलटून बघून नाक मुरडते. लग्नाकार्याला भाकरी, शेंगाचटणी, शेंगापोळी, खर्डा, दही असं भरून गावोगावी पाठवायचं, हा धंदा. माझी कंपनी पुण्याची आणि काम घरून. आता घरी बसलेली मुलगी म्हणजे आत्याच्या लेखी रिकामीच. "दिवसभर टकटक करत बसतीस, आमचं बी कायतरी टकटक कर की," असं म्हणून तिनं केंद्राच्या ऑर्डरी माझ्या गळ्यात घातल्या. मी साधी पाटी-खडू सुचवली असती तर आज तुम्ही आणि आई रोजच्यासारखं फोनवर भांडत असता. पण आमच्या कंपनीत मोठ्या बँकांना जे वापरतात, तेच मी भाकरीला वापरलं. (एवढं शिकल्यावर साधं काही करायची लाज वाटते, त्याला मी काय करू?)

ते कसं चालतं, ते तुमच्या आडतीच्या भाषेत सांगते. प्रत्येक ऑर्डरीला कॉम्प्युटरच्या पोटात एक माणूस नेमलाय असं समजा. आमच्यात त्याला ॲक्टर म्हणतात. (मामींना सांगा, सिनेमातला नाही. हा नाचत नाही, याला पगारही नाही.) त्याचा स्वभाव असा, की एका वेळी एकाचंच ऐकायचं, आणि जे घडलं ते आधी लिहून ठेवायचं, मगच पुढचं बोलायचं. लिहिलेलं खोडायचं नाही. भाकरीची पाटी टेम्पोत चढली, अंबुबाईनं टॅबवर बोट लावलं, की यानं ओळ लिहिली. चटणीचा डबा चढला, ओळ लिहिली. मधेच लाईट गेली आणि सगळं बंद पडलं, तर लाईट आल्यावर हा पहिल्या ओळीपासून सगळं वाचून काढतो आणि आपण कुठवर आलो होतो ते ओळखतो. आपल्याकडची लाईट बघता असा माणूस पाहिजेच होता. आता यातली मेख ऐका. सगळा माल लिहून झाला की शेवटी एकदा, एकदाच, टेम्पोवाल्याच्या फोनवर निरोप जायला पाहिजे, की माल भरला, निघा. तुमच्याकडं शेतकऱ्याची सगळी पोती काट्यावरून उतरली की मग तुम्ही हिशोबाची पट्टी करता. एकेका पोत्याची वेगळी पट्टी करत नाही, आणि पोती गाडीतच असताना पट्टी हातात देऊन मोकळेही होत नाही. मी या दोन्ही गोष्टी केल्या. आधी पहिली, मग दुसरी.

पहिली झाली अकलूजच्या बापूसाहेबांच्या घरच्या लग्नात. मी त्या पोटातल्या माणसाला सांगून ठेवलं होतं, की लिहून झालं की निरोप दे. माझ्या मनात, सगळं लिहून झालं की. त्यानं धरलं, प्रत्येक ओळ लिहून झाली की. भाकरी चढली, निरोप गेला, तिप्पण्णा निघाला. चटणीचा डबा कडेवर घेऊन बाई उभी, आणि टेम्पो गायब! प्रोग्राम लई हुशार, त्यानं स्टँडवरून दुसरा बोलावला. चटणी चढली, तोही निघाला. पोळ्यांना तिसरा, दह्याला आणखी एक, आणि शेवटचा टेम्पो नुसती लिंबं घेऊन अकलूजला गेला. आत्या कंबरेवर हात ठेवून बघत होती, पण तिला वाटलं कंप्युटर सांगतोय म्हणजे त्यात कायतरी शास्त्र असंल. मी वर माझ्या खोलीत कंपनीच्या मीटिंगमध्ये, कानात इअरफोनची बोंडं घालून. आणि गंमत बघा, बापूसाहेब खूश! मांडवाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी एकेक टेम्पो येताना व्हिडिओ काढला, लिंबाच्या टेम्पोला तर ताशा वाजवला. व्याह्यांना म्हणाले, सोलापूरनं भाकरीची वरात काढलीय. आत्याला मात्र सगळ्या टेम्पोवाल्यांचं भाडं भरावं लागलं, आणि तिनं मला जे ऐकवलं ते कानडीत होतं म्हणून इथं लिहीत नाही.

मग मी दुरुस्ती केली. (इथून पुढं चष्मा पुसून वाचा, तुमचा टेम्पो येतोय.) निरोपाचं काम त्या माणसाकडून काढून घेतलं आणि माझ्या यादीच्या खाली स्वतः लिहून टाकलं. वर यादी, भाकरी, चटणी, पोळी, खर्डा, दही. आणि सगळ्यात खाली, निघा. कुणीही वाचलं तर काय समजेल? यादी संपली की निघा. मलाही तेच वाटलं. पण तो पोटातला माणूस यादी हातात घेतो, बरं म्हणतो आणि आपल्या गतीनं एकेका वस्तूची वाट बघत लिहीत बसतो. माझी खालची ओळ त्याच्यासाठी थांबतच नाही. त्यानं बरं म्हटलं, की लगेच हिचं निघा! तेव्हा अजून पहिल्या भाकरीची पाटीसुद्धा शेडच्या बाहेर आली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, तिप्पण्णाला डोळे नव्हते काय. होते, पण ते पुढं होते. आदल्या संध्याकाळी धूळ नको म्हणून त्यानं गाडी धुऊन ताडपत्री आवळून बांधली होती. सकाळी चहा पिताना फोनवर आलं, माल भरला, वैरागला निघा. गडी कप ठेवून निघाला. मागं वळून बघायची त्याला सवय नाही. त्याचं म्हणणं, मागचं बघायला आरसा हाय की. आरशात ताडपत्री दिसली, ती नीट बांधलेली होती.

आत्या तेव्हा इष्टलिंगाच्या पूजेला बसलेली. पूजा उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तुमच्या घरातही आहे. खिडकीतून तिला टेम्पो फाटकाबाहेर जाताना दिसला आणि शेडमध्ये भाकऱ्यांच्या चवडी जागच्या जागी दिसल्या. ती हातवारे करायला लागली. अंबुबाईला वाटलं फुलं कमी पडली, तिनं फुलं आणून ठेवली. आत्यानं अजून जोरात हात केला, तर अंबुबाईनं विभूतीची वडी आणली. मग पाणी आणलं. मग पंखा लावला. पूजा उतरल्यावर आत्या जी ओरडली, ती मला कानातल्या बोंडांवरून ऐकू आली. तोवर टेम्पो कुठल्या कुठं! फोन लावला तर तिप्पण्णा उचलेना, कारण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही असा त्याचा नेम आहे. (अख्ख्या जिल्ह्यात हा नेम पाळणारा एकच ड्रायव्हर, आणि तो आमच्याच नशिबी!) तुम्हाला फोन लावला तर तुम्ही पाहुण्यांत. आईचा फोन तिच्या पिशवीत, पिशवी तुमच्या कपाटात.

पुढचं तुम्ही बघितलंय, मी ऐकलंय तेवढं लिहिते. अक्कलकोटचे पाहुणे पानावर बसायच्या बेतात. टेम्पो आला म्हणून मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं आल्या, आई त्यांच्या शेजारी. तुम्ही कौतुकानं स्वतः दोर सोडला, ताडपत्री वर केली, आणि आत एक स्टेपनी आणि तिप्पण्णाचा डबा. नवऱ्या मुलाची मावशी वाकून बघून म्हणाली, "गाडी तर चांगली हाय की." मामा, हे ऐकल्यावर माझ्याच अंगाचा तिळपापड झाला, तुमचं काय झालं असेल! शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा आपण चिमूटभर साखर घालून देतो, रिकामी देत नाही. आणि इथं शुभकार्याला, अख्खा टेम्पो रिकामा, आणि तोही बहिणीच्या सासरहून. त्यात दिवाळीत आत्यानं सुकन्यासाठी आणलेलं स्थळ तुम्ही नको म्हटलेलं. तुम्ही दोन अधिक दोन केलं. पाहुण्यांपुढं हॉटेलातली भजी आणि पाव ठेवताना तुम्हाला जी शरम वाटली, ती मी पुसून काढू शकत नाही. (खरं जेवण दुपारनंतर दुसऱ्या गाडीनं आलं, ते तुम्ही फाटकातूनच परत लावलंत. ते आम्ही गल्लीत वाटलं. बाळीवेशीत सुकन्याच्या साखरपुड्याचं फार कौतुक झालं, एवढं सांगते.)

पण त्यानंतर तुम्ही आईला म्हणालात, की तुझ्या नणंदेनं ज्या गाडीतनं मान पाठवलाय, त्याच गाडीतनं परत जा. आणि ती आली, मामा. साखरपुड्याला नेसलेल्या पैठणीवर, केबिनमध्ये तिप्पण्णाशेजारी बसून. घरी येऊन म्हणाली, कार्यक्रम छान झाला, मुलगा उंच आहे. खरं काय घडलं ते आम्हाला तिप्पण्णानं सांगितलं. वाटेत आई त्याच्याशी एकच वाक्य बोलली, तू जेवलास का रे. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की मी तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं आहे आणि सौम्य आहे.

बरं, प्रोग्राम. आता तो सुधारला, ते पण ऐका, नाहीतर लग्नाला परत तसंच होईल असं तुम्हाला वाटेल. यादी देताना त्या माणसाला शेवटी एक जादा चिठ्ठी द्यायची सोय असते. ही चिठ्ठी लिहून ठेवायची नसते, नुसती रांगेत सगळ्यात मागं उभी राहते. पुढच्या सगळ्या ओळी लिहून झाल्या, की तिचा नंबर लागतो, एकदाच. निरोप त्या चिठ्ठीवर टाकायचा. झालं! एवढंच होतं. (ही सोय पहिल्यापासून होती. मी माहितीचं पान पूर्ण वाचलं नव्हतं. त्यावर तुम्ही काही बोलू नका, गुडघ्याच्या गोळीचा कागद तुम्ही तरी कुठं वाचलात?)

मधे एक भानगड अजून झाली. चिठ्ठीची सोय सापडायच्या आधी मी एक घोळ घालून बघितला होता, निरोपाचं काम जुन्या ओळी वाचण्याच्या जागी चिकटवलं होतं. आणि गेली लाईट. परत आल्यावर सगळ्या ऑर्डरींची सगळी माणसं उठून पहिल्यापासून वाचायला लागली, आणि वाचता वाचता प्रत्येक जुन्या ऑर्डरीचा निरोप नव्यानं धाडत सुटली. अकलूजहून बापूसाहेबांचा फोन, "तुमचे टेम्पोवाले माल निघालाय म्हंत्यात, आता कुनाचं लगीन हाय आमच्यात?" त्यांची एक नात लग्नाची आहे, घरात एकमेकांकडं संशयानं बघणं सुरू झालं. तेव्हा मला नियम पक्का कळला, की जुनं वाचावं, पण वाचताना ते परत करायचं नसतं.

आणि मामा, हे लिहिताना तुमचीच आठवण आली. तुम्ही दर सणाला आजोबांच्या वेळचं काढता, तुमच्या चुलत अक्काच्या लग्नात कुणी कुणाला मानाची टोपी घातली नाही ते काढता, आणि काढताना परत तेवढेच रागावता. नुसतं आठवून थांबत नाही, प्रत्येक वेळी टेम्पो पाठवता. आणि साखरपुड्याला काय केलंत? पहिली ओळ लिहिली, टेम्पो रिकामा. लगेच पट्टी! पुढच्या ओळी यायच्याच होत्या की. दुसरी गाडी आली, ती ओळ. आई आदल्या दिवसापासून तुमच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी विडे लावत बसली होती, ती ओळ. एवढा मुरलेला आडतदार, आणि घरच्या मालाला एकाच पोत्यावर भाव लावलात. उलट बोलते म्हणून रागावा, पण रागावायला तरी फोन करा.

लग्न पुढच्या महिन्यात आहे असं बाहेरून कळलं. आमच्याकडं पत्रिका आली नाही. हळदीला पहिला हात आत्याचा असतो, आणि सुकन्याची आत्या माझी आई आहे, दुसरी नाही. बाकी मी काय सांगणार, तुम्ही मोठे आहात.

मामींना नमस्कार, सुकन्याला तिच्या उंच नवऱ्यासकट आशीर्वाद (मी मोठी आहे, चार महिन्यांनी का होईना).

तुमची, सध्या ब्लॉक असलेली,
सिद्धेश्वरी

ता. क. वरचं सगळं समजलं नसेल तरी काही बिघडत नाही, मलाही उशिरानंच समजलं. मागणं एकच आहे. आईचा तेवढा नंबर उघडा. माझा राहू द्या बंद, आत्याचाही राहू द्या, तिला उलट विश्रांती आहे. तुम्हाला ते जमायचं नाही, फोन सुकन्याच्या हातात द्या. बंदही तिनंच करून दिलं असणार, तुम्हाला अजून फोनची बॅटरी लावली की विझवता येत नाही.

आणखी एक ता. क. आईला या पत्राचं माहीत नाही. ब्लॉक म्हणजे काय तेही तिला माहीत नाही, आणि आम्ही कुणी सांगितलेलं नाही. रोज दिवे लागले की ती तुम्हाला फोन लावते. एक रिंग होते आणि कटतो. आधी म्हणायची, अण्णा आडतीत असेल. मग म्हणायला लागली, वैरागला रेंजच न्हाय. मागच्या आठवड्यात फोन माझ्यापुढं ठेवून म्हणाली, तू एवढी शिकलीस, बघ की यात काय बिघडलंय, दुसऱ्या सगळ्यांना लागतो आणि अण्णालाच लागत न्हाय. मी बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, फोन खराब झालाय. तिनं तो त्याच दिवशी दुरुस्तीला टाकला.

शेवटचं. आत्ताच दुकानवाल्याचा मला फोन आला. म्हणतो, ताई, यात काहीच बिघाड नाही, घेऊन जावा. पत्र तुम्हाला पोचेपर्यंत मी आईला सांगत राहीन, की पार्ट मागवलाय, आला नाही अजून. मग मला फोन आणून द्यावाच लागेल. दुरुस्त झाला म्हणून ती आधी तुम्हालाच लावणार आहे. उचला, मामा.